‘मोरॉन’ : एका शिवीची जन्मकथा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी भाचरे जमली होती. पत्त्यांचा डाव रंगात आला होता. नववीतल्या भाच्याने भलतेच पान टाकले, तशी त्याची धाकटी बहीण ओरडली, “मोरॉन!”

“अगं, शिव्या काय देतेस?” मी म्हटले.

“ही काय शिवी आहे, मावशी? मोरॉन म्हणजे नुसतं ‘ढ’!”

तिने सांगितलेला अर्थ तसा चुकीचा नव्हता. पण या शब्दाची कुळकथा मात्र वेगळी आहे. शिव्या बहुधा गल्लीत, नाक्यावर जन्माला येतात. त्या कुणी आणि कधी काढल्या हे सांगता येत नाही. ‘मोरॉन’चे जन्मवर्ष मात्र ठाऊक आहे : १९१०. पीएच.डी. झालेल्या एका मानसशास्त्रज्ञाने तो शब्द घडवला आणि तज्ज्ञांच्या एका संघटनेने त्याला मान्यता दिली. त्या वेळी ती शिवी नव्हती. ते मोजमापाच्या पट्टीवरचे एक माप होते. मोजमाप करणे हा माझा रोजचाच उद्योग, म्हणून ही हकिगत मला जरा जास्त टोचते. शिक्षकांनीही ती माहीत करून घ्यावी, कारण तिची सुरुवात शाळेत झाली.

दोन थोरली भावंडे

मोरॉनच्या आधीपासून इंग्रजीत ‘इडियट’ आणि ‘इम्बेसाइल’ हे दोन शब्द होते. ग्रीक भाषेत ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचा, खाजगी. नगरराज्याच्या कारभारात भाग न घेता आपल्यापुरते पाहणारा माणूस तो ‘इडिओटेस’. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘अडाणी’ असा झाला आणि इंग्रजीत तो ‘जन्मतःच समज कमी असलेला’ या अर्थाने रुळला. ‘इम्बेसाइल’चे मूळ लॅटिन. अर्थ दुबळा, आधी शरीराने, मग मनाने.

जुन्या इंग्रजी कायद्यात ‘इडियट’ ठरणे ही मालमत्तेची बाब होती. वेड लागलेला माणूस कधीतरी बरा होईल, म्हणून त्याच्या जमिनीचे उत्पन्न त्याच्यासाठी राखून ठेवावे लागे. जन्मतः इडियट ठरलेल्याच्या जमिनीचे उत्पन्न मात्र राजाकडे जाई. त्याच्या पोटापाण्याची सोय केली म्हणजे झाले. सोळाव्या शतकातील फिट्झहर्बर्ट या कायदेपंडिताने कसोटी सांगितली ती अशी : ज्याला वीस पेन्स मोजता येत नाहीत, आपले आईबाप कोण आणि आपले वय किती हे सांगता येत नाही, तो इडियट. प्रश्न विचारून माणसाला नाव चिकटवण्याची रीत जुनी, आणि त्या नावामागे कुणाचा तरी हिशेब असण्याची रीतही तितकीच जुनी.

या शब्दाने एक चांगला काळही पाहिला. फ्रान्समध्ये एदुआर सेगँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अशा मुलांसाठी शाळा चालवली आणि १८४६ साली ‘इडियट’ मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. ही मुले शिकूच शकत नाहीत, असे तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. सेगँ यांनी स्पर्श, हालचाल, हाताळायच्या वस्तू यांतून त्यांना शिकवून दाखवले. मारिया माँटेसरी यांनी सेगँ यांचे लेखन अभ्यासले, रोममध्ये अशाच मुलांबरोबर काम केले आणि १९०७ साली आपले पहिले बालगृह सुरू केले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्या विचारातून प्रेरणा घेतली आणि तो आपल्या बालवाड्यांपर्यंत आणला. बालवाडीतली मूल ज्यांवरून बोट फिरवते त्या खरखरीत अक्षरांचे एक मूळ असे ‘इडियट’ म्हणवल्या गेलेल्या मुलांच्या वर्गात आहे.

बिने यांच्या तीस कसोट्या

फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचे झाले तशी वर्गात सर्व तऱ्हेची मुले येऊ लागली. काहींना नेहमीच्या शिकवण्याने काहीच हाती लागत नव्हते. अशी मुले कशी ओळखायची, यासाठी १९०४ साली सरकारने एक समिती नेमली. आल्फ्रेद बिने हे मानसशास्त्रज्ञ तिचे सदस्य होते. शिक्षकाच्या नुसत्या मतावर मूल वेगळे काढणे त्यांना धोक्याचे वाटत होते. खोड्या काढणारे मूल वर्गातून जावे म्हणून त्याला ‘मंद’ ठरवले जाण्याची भीती होतीच.

म्हणून बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली सोपीकडून अवघडाकडे जाणाऱ्या तीस कसोट्या तयार केल्या. जळत्या काडीकडे मूल नजर फिरवते का, चित्रातल्या वस्तूंची नावे सांगते का, ऐकलेले आकडे परत म्हणते का, दोन वजनांतले जड कोणते ते ओळखते का, अशा त्या होत्या. १९०८ साली त्यांनी या कसोट्या वयानुसार लावल्या. सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना जे जमते ते सहाव्या वर्षाचे. दहा वर्षांच्या मुलाला तेवढेच जमले तर त्याची मानसिक पातळी सहा वर्षांची. यालाच पुढे ‘मानसिक वय’ म्हणू लागले.

बिने यांनी दोन गोष्टी वारंवार बजावल्या होत्या. एक, बुद्धी ही काठीच्या लांबीसारखी एका आकड्यात मोजता येणारी वस्तू नव्हे. दोन, हा आकडा आजचा आहे. मूल पुढे कुठवर जाईल ते तो सांगत नाही. १९०९ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी ‘बुद्धी वाढतच नाही’ या समजाचा कडक शब्दांत निषेध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी ‘मनाचे व्यायाम’ सुचवले. त्यातला एक म्हणजे पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहण्याचा खेळ. आपली मुले ‘स्टॅच्यू’ खेळतात ना, तसाच. लक्ष एकाग्र करायला शिकणे हा त्यामागचा हेतू. मोजायचे ते मदत करण्यासाठी, हा बिने यांचा साधा विचार होता. १९११ साली ते वारले, तोवर त्यांची चाचणी अटलांटिक ओलांडून गेली होती.

व्हाइनलँडमधले बारसे

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात व्हाइनलँड येथे ‘फीबल-माइंडेड’, म्हणजे दुर्बळ बुद्धीच्या, मुलामुलींची एक निवासी संस्था होती. हेन्री गोडार्ड १९०६ साली तिथल्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. १९०८ साली युरोपच्या दौऱ्यात त्यांना बिने यांची चाचणी मिळाली. परत येऊन त्यांनी ती इंग्रजीत आणली आणि संस्थेतल्या मुलांना दिली. आकडे तिथल्या शिक्षकांच्या अनुभवाशी जुळले आणि गोडार्ड चाचणीचे उत्साही प्रचारक झाले.

आता वर्गवारी करायची होती. मानसिक वय दोन वर्षांपर्यंत तो इडियट. तीन ते सात तो इम्बेसाइल. आठ ते बारा असलेल्यांसाठी मात्र इंग्रजीत नेमका शब्द नव्हता. ‘फीबल-माइंडेड’ हा शब्द कधी या वरच्या गटाला, तर कधी तिन्ही गटांना मिळून वापरत, त्यामुळे घोटाळा होई. गोडार्ड यांनी ग्रीक ‘मोरोस’ म्हणजे बोथट, मूर्ख, यावरून ‘मोरॉन’ हा नवा शब्द तयार केला. ‘ऑक्सिमोरॉन’ या अलंकाराच्या नावातही हाच शब्द आहे : ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण, मोरोस म्हणजे बोथट. १९१० साली या क्षेत्रातल्या अमेरिकन तज्ज्ञांच्या संघटनेने तिन्ही पायऱ्या स्वीकारल्या. पुढे जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली, लुईस टर्मन यांनी १९१६ साली भागाकाराला १०० ने गुणले आणि बुद्ध्यंक हा शब्द रूढ झाला. मग साधारण ५० ते ७० बुद्ध्यंकाचा तो मोरॉन, असेही कोष्टक आले.

गोडार्ड यांना मोरॉनची विशेष चिंता वाटे. इडियट किंवा इम्बेसाइल पाहताक्षणी ओळखू येतो; मोरॉन मात्र चारचौघांसारखा दिसतो, बोलतो, लग्न करतो. त्याला तज्ज्ञच ओळखू शकतात, असे ते म्हणत. त्यातच १९०० साली मेंडेलचे वाटाण्याचे प्रयोग नव्याने उजेडात आले होते. उंच वाटाणा, बुटका वाटाणा तशीच चांगली बुद्धी आणि दुर्बळ बुद्धी, असा गोडार्ड यांनी थेट हिशेब मांडला. दुर्बळ बुद्धी हा एकाच अप्रभावी घटकाचा परिणाम मानला, तर दोन मोरॉन आईबापांची सगळी मुले तशीच निघणार. मग उपाय एकच उरतो : त्यांना मुलेच होऊ न देणे. त्यासाठी त्यांना आयुष्यभर संस्थेत कोंडून ठेवावे, असे त्यांचे मत होते.

पुरावा म्हणून १९१२ साली त्यांनी ‘कॅलिकॅक’ या बनावट आडनावाने एका कुटुंबाचा इतिहास छापला. ग्रीक ‘कॅलोस’ म्हणजे चांगले आणि ‘काकोस’ म्हणजे वाईट, या दोन शब्दांचे ते आडनाव. एका सैनिकाला दारूच्या गुत्त्यातल्या मुलीपासून झालेला वंश सगळा बिघडलेला, आणि घरंदाज बायकोपासून झालेला सगळा चांगला, अशी ती गोष्ट. पुस्तक फार गाजले. कितीतरी वर्षांनी संशोधकांनी जन्ममृत्यूच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या दोन वंशांचा जोडलेला सांधाच खोटा निघाला. ‘वाईट’ शाखेतही शेतकरी, शिक्षक अशी साधी कष्टाळू माणसे होती. ज्या मुलीवरून हे सारे सुरू झाले तिला पुस्तकात डेबोरा म्हटले आहे. ती आठव्या वर्षी संस्थेत आली. ती उत्तम शिवणकाम करी, लाकडी सामान बनवी. १९७८ साली ८९व्या वर्षी ती वारली. सगळे आयुष्य तिने संस्थेतच काढले.

शब्द कामाला लागतो

नवे एकक मिळाले की माणूस दिसेल ते मोजत सुटतो. गोडार्ड यांच्या साहाय्यकांनी १९१३ साली न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची चाचणी घेतली. बोटीच्या तिसऱ्या वर्गातून दमूनभागून उतरलेली माणसे, दुभाष्यामार्फत प्रश्न, आणि कित्येकांच्या हातात आयुष्यात पहिल्यांदाच पेन्सिल! १९१७ साली निष्कर्ष छापले : तपासलेल्या इटालियनांपैकी ७९ टक्के आणि ज्यूंपैकी ८३ टक्के दुर्बळ बुद्धीचे. नमुना होता ५० इटालियनांचा आणि ३५ ज्यूंचा, तोही निवडून काढलेला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातल्या सुमारे साडेसतरा लाख जवानांची बुद्धिचाचणी झाली. निरक्षरांसाठी चित्रे होती. उदाहरणार्थ, घराच्या चित्रात धुराडे काढलेले नाही ते ओळखा. ज्याच्या गावात घरांना धुराडीच नाहीत त्याने काय करावे? गोऱ्या जवानांचे सरासरी मानसिक वय निघाले सुमारे १३ वर्षे. १३च्या खालचा तो मोरॉन म्हणावे, तर जवळजवळ निम्मे सैन्य मोरॉन ठरत होते! वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ साली याची चांगलीच झाडाझडती घेतली. सरासरी प्रौढाची बुद्धी सरासरी प्रौढापेक्षा कमी कशी असेल, हा त्यांचा साधा सवाल होता. गणिताच्या शिक्षकांना त्यातली गंमत लगेच कळेल : पट्टीच चुकीच्या जागी लावली होती.

पण सगळेच गमतीवारी नेण्याजोगे नव्हते. इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला होता. व्हर्जिनियाने १९२४ साली केला. तो चाचपून पाहण्यासाठी कॅरी बक या तरुण मुलीची निवड झाली. ती दुसऱ्यांच्या घरी वाढलेली. त्या घरच्या एका नातेवाइकाने तिच्यावर बलात्कार केला आणि ती गरोदर राहिली, तेव्हा तिला दुर्बळ बुद्धीची ठरवून संस्थेत टाकले. तिची आई तिथे आधीपासून होती. कॅरीचे मानसिक वय नऊ निघाले, म्हणजे कोष्टकाप्रमाणे मोरॉन. तिची मुलगी व्हिव्हियन सात महिन्यांची असताना एका समाजसेविकेने तिला पाहून शेरा दिला की, हे मूल काही अगदी नेहमीसारखे दिसत नाही.

एवढ्यावर तीन पिढ्यांचा पुरावा पुरा झाला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी नसबंदीला संमती दिली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होम्स म्हणाले, इम्बेसाइलांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. ज्या शास्त्रीय वर्गवारीचा आधार घेतला होता तीसुद्धा त्यांनी पाळली नाही. मोरॉनपेक्षा इम्बेसाइल हा शब्द अधिक परिणामकारक वाटला असावा. कॅरीच्या धाकट्या बहिणीचीही नसबंदी झाली. तिला सांगितले होते की अपेंडिक्सचे ऑपरेशन आहे. पुढे लग्न झाल्यावर मूल का होत नाही याचा उलगडा तिला पन्नासेक वर्षांनी झाला. अशा कायद्यांखाली अमेरिकेत ६० हजारांवर माणसांची नसबंदी झाली. जर्मनीत नाझींनी १९३३ साली कायदा केला तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकेचे उदाहरण होते. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी २००२ साली जाहीर माफी मागितली. कॅरी १९८३ सालीच वारली होती.

विज्ञान काय म्हणते

गोडार्ड यांच्याबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी. १९२८ साली त्यांनी लेख लिहून आपली चूक कबूल केली. मोरॉनला शिकवता येते, त्याला कोंडून ठेवण्याची गरज नाही, आपण आता विरोधकांच्या बाजूला गेलो आहोत, असे त्यांनी म्हटले. पण शब्द आणि कायदे तोवर त्यांच्या हातून निसटले होते.

बुद्धीच्या अडचणींना एकच कारण नसते, हे पुढे स्पष्ट झाले. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या क्रमांकाचे गुणसूत्र एक जास्त असते, हे १९५९ साली कळले. गर्भवतीच्या आहारात आयोडीन फारच कमी असेल तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. उपाय आहे मीठ, आयोडीनयुक्त. ‘क्रेटिन’ ही शिवी याच विकाराच्या नावावरून आली. आल्प्सच्या खोऱ्यातल्या बोलीत तिचा मूळ अर्थ ‘ख्रिस्ती’, म्हणजे हाही माणूसच, असा होता. सगळ्यांत बोलके उदाहरण फिनाइलकीटोनयुरियाचे. १९३४ साली नॉर्वेत फॉलिंग यांनी शोधलेला हा विकार खरोखरच एका अप्रभावी जनुकाचा, अगदी गोडार्ड यांना हवा होता तसा. पण नवजात बाळाच्या रक्ताच्या थेंबावरून तो ओळखता येतो आणि लगेच ठरावीक आहार सुरू केला तर बुद्धी नीट वाढते. आनुवंशिक म्हणजे अटळ, हे समीकरणच चुकीचे होते.

शब्दांचे रहाटगाडगे

इडियट, इम्बेसाइल, मोरॉन हे शब्द शिव्या झाले तेव्हा तज्ज्ञांनी ‘रिटार्डेशन’ हा शब्द आणला. लॅटिन अर्थ उशीर होणे, किती सौम्य! १९६१ सालच्या अमेरिकन व्याख्येत बुद्ध्यंकाची सीमा ८५ च्या आसपास होती. १९७३ साली ती ७० वर आणली. काल ‘रिटार्डेड’ असलेली लाखो माणसे आज नव्हती, आणि त्यांच्यात कणाचाही बदल झाला नव्हता. पुढे ‘रिटार्ड’ हीसुद्धा शिवी झाली आणि २०१० साली अमेरिकेने ‘रोझाचा कायदा’ करून तो शब्द केंद्रीय कायद्यांतून काढला.

आपल्याकडेही हेच रहाटगाडगे फिरले. १९१२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात ‘ल्युनॅटिक’ची व्याख्या करताना ‘इडियट’ हा शब्द होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही वधूवर ‘इडियट’ नसावेत अशी अट होती. १९७६ साली तो शब्द बदलला. १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात ‘मेंटल रिटार्डेशन’ होते, २०१६ च्या कायद्यात त्याजागी ‘बौद्धिक अक्षमता’ आली. मराठीत ‘मतिमंद’ हा शब्द वेडा, खुळा यांच्यापेक्षा सभ्य म्हणून वापरात आला. आज मैदानावर मुले तोच एकमेकांना फेकून मारतात.

मग शब्द बदलणे व्यर्थ का? तसे नाही. ज्याला शब्द लागतो त्याने तो नको म्हटले, तर आपण सोडावा. पण नवा शब्द जुन्याच कामाला जुंपला तर तोही लवकरच झिजतो.

हे काम शिक्षकाच्या हाती आहे. बिने यांची चाचणी धारवाडच्या वि. वि. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली आले आणि ‘बिने-कामत’ चाचणी पुढे देशभर वापरली गेली. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या कागदांतही तसा आकडा असेल. तो वाचताना चार गोष्टी पाहाव्यात : चाचणी केव्हा झाली, मुलाच्या घरच्या भाषेत झाली का, त्याचे डोळे आणि कान आधी तपासले होते का, आणि आकड्याखाली पुढे काय करायचे ते लिहिले आहे का. शेवटची ओळ कोरी असेल, तर तो अहवाल बिने यांचा नाही, गोडार्ड यांचा आहे.

भाचीने विचारले, “मग ‘ढ’सुद्धा म्हणायचं नाही?” मी तिला ‘ढ’ची गोष्ट सांगितली. ब्राह्मी लिपीपासून सगळी अक्षरे बदलत गेली, ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला, म्हणून पुढे न सरकणारा मुलगा तो ‘ढ’, असे म्हणतात. अक्षराचे ठीक आहे. मूल तसे एका जागी राहत नाही. सात महिन्यांची असताना जिच्यावर शेरा मारला ती व्हिव्हियन बक पुढे शाळेत जाऊ लागली. १९३१ सालच्या एप्रिलमध्ये, सात वर्षांची असताना, तिचे नाव शाळेच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत लागले. पुढच्याच वर्षी ती आजारपणात दगावली. तिचे प्रगतिपुस्तक पाहायला तोवर कोणीही आले नव्हते.